सोलर घेऊ की बॅटरी?

एमएस्सीनंतर संशोधनाला सोलर घेऊ की बॅटरी, असं विचारलंयस. मी म्हणेन, विषयापेक्षा प्रयोगशाळा बघ. ग्लोव्हबॉक्स (हातमोज्यांतून काम करायची हवाबंद पेटी) चालू आहे का, नवख्याला त्यात हात घालू देतात का, हे तिथल्या पीएचडीच्या पोरांना गाठून विचार. गाईडला नको, ते हो म्हणणारच.

सोडियम-आयन बॅटरीत (लिथियमऐवजी सोडियमवर चालणाऱ्या) आलास तर सुरुवातीचे महिने नाण्याएवढे सेल बनवण्यातच जातील. आर्गॉन वायू भरलेल्या त्या पेटीत, जाड रबरी हातमोज्यांतून, चिमट्याने सेपरेटर (दोन इलेक्ट्रोड एकमेकांना टेकू न देणारा पातळ पडदा) मधोमध बसवायचा. जरा सरकला की सेल शॉर्ट. एकाच घाण्यातले तीन सेल सारखे आकडे देईनात, तोवर ‘नवीन मटेरियल’चं नाव काढू नकोस.

पेपर वाचताना इलेक्ट्रोडवर दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम मटेरियल लावलंय ते आधी शोध. १-२ मिलिग्रॅमवरची झकास कामगिरी १० च्या पुढे बहुतेकदा ढेपाळते, आणि कंपन्यांना जाड थरच हवा असतो.

नोकरीचं म्हणशील तर पुण्याकडे लक्ष ठेव. आयसर या विज्ञान संस्थेसोबत विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान केपीआयटी या वाहन-सॉफ्टवेअर कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलं. एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलचं काम आहे. आणि हो, पायथन शीक. सायकलिंगचा (सेल पुन्हापुन्हा चार्ज-डिस्चार्ज करण्याचा) डेटा एक्सेलमध्ये कोंबत बसलास तर रात्री पुरणार नाहीत.