कापसामागची काळी भिंत

घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न, हार्डवेअरच्या दुकानातल्या काकूंची उत्तरं

प्रश्न : काकू, नमस्कार. आमचं घर वीट-सिमेंटचं, बांधून अकरा वर्षं झाली. भाव वाढेल या आशेनं दरवर्षी कापूस मधल्या खोलीत भरून ठेवतो. यंदा फेब्रुवारीत विकायला काढला तर मागची भिंत कमरेपर्यंत काळी, आणि तिला टेकलेला कापूस पिवळा पडून कुबट वास मारत होता. मिस्त्री म्हणतो वॉटरप्रूफिंगचा रंग मारा, १८ हजार लागतील. मारू का? ता.क. भिंतीपलीकडे न्हाणी आहे. पोरानं मागल्या वर्षी तिथं शॉवर बसवला.
– एक शेतकरी, ता. दारव्हा

उत्तर : नका मारू, दादा. ते डबे मीच विकते आणि एका डब्यामागं मला काय सुटतं तेही मला ठाऊक आहे, म्हणून माझं ऐका. तुमचं खरं पत्र ता.क. पासून सुरू होतं. दहा वर्षं त्या भिंतीला कापूस टेकला आणि काही झालं नाही. शॉवर बसला आणि वर्षात भिंत काळी झाली.

पाणी नेमकं कुठून येतं हे आधी शोधायचं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. रात्री मोटर बंद, सगळे नळ बंद, संडासच्या फ्लशचा कॉकसुद्धा बंद. टाकीत काठी उभी करून पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पाणी उतरलेलं दिसलं तर भरल्या पाइपाचा सांधा कुठंतरी गळतोय. नाही उतरलं तरी शॉवर सुटला असं समजू नका. नळापासून वर शॉवरपर्यंत जाणाऱ्या पाइपात नळ उघडला तरच पाणी चढतं, त्यामुळे तो सांधा रात्रीच्या परीक्षेत पकडला जात नाही. म्हणून दुसरी परीक्षा : आठ दिवस सगळ्यांनी बादलीनंच आंघोळ करायची. पोराला सांगा, आजोबा बादलीनंच करत होते. डाग फिका पडत गेला तर दोष शॉवरच्या पाइपाचा किंवा शॉवरच्या भिंतीवर उडणाऱ्या शिंतोड्यांचा. आठ दिवसांत भिंत पूर्ण सुकणार नाही, पण खडूनं डागाची कड आखून ठेवली तर पुढं सरकते की मागं, ते कळतं. तरी काही फरक नाही, तर न्हाणीच्या जाळीत कापडाचा बोळा घट्ट बसवा, दोन बोटं पाणी साचवा आणि चोवीस तास तसंच ठेवा. त्यात पाणी खाली गेलं तर दोष फरशीच्या सांध्यात, बहुतेक वेळा फरशी भिंतीला मिळते त्या कोपऱ्यात.

दुकानात मला रोज एक वाक्य ऐकू येतं, "काकू, सोल्युशनची लहान डबी देजो, एकच सांधा हाये." तो एकच सांधा चिकटवून, तो वाळायच्या आत, पाणी सोडून न बघता वर प्लास्टर मारून मोकळं होतात. भिंत झाकण्याआधी पाइप भरून निदान एक रात्र ठेवायला हवा. तुमच्याकडे हे झालं होतं का, एवढं पोराला विचारा. रागवू नका.

आता रंग का नको. भिंतीतलं पाणी भिंतीच्या तोंडानंच बाहेर पडतं. ते तोंड रंगानं बंद केलं की पाणी आणखी वर चढतं, नाहीतर रंगालाच ढकलतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. पोरीच्या लग्नाआधी आमच्या ओसरीच्या भिंतीला लोणा लागला होता. पाहुण्यांपुढं बरं दिसावं म्हणून मीच माझ्याच दुकानातला ऑइल पेंट मारून घेतला. लग्न वैशाखात झालं, आणि पोळ्याला रंगावर पुरीसारखे फुगे होते. एक नखानं टोचला तर मनगटावर पाणी ओघळलं. जावई शेजारीच बसले होते, काही बोलले नाहीत.

लोणा आणि बुरशी यांत गल्लत करू नका. लोणा पांढरा, पिठासारखा, भिंतीतले क्षार वर आलेले असतात. ओलं बोट फिरवलं की विरघळतो. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात, अकोला-दर्यापूरकडे, पाणीच खारं असल्यानं तो फार. बुरशी काळी-हिरवी, ठिपक्या-ठिपक्यांची, ती विरघळत नाही, पुसली की फासली जाते. तुमची बुरशी आहे.

ती काढताना कोरडा ब्रश मारू नका, सगळी भुकटी छातीत जाते. भिंत ओली करा, तोंडाला दुपट्टा बांधा, खिडक्या उघडा, साबणाच्या पाण्यानं घासा. घरात दम्याचं कुणी असेल तर त्या दिवशी त्यांना शेतावर पाठवा. ब्लीचिंग पावडर वापरली तर एकटीच वापरा. संडास धुवायचं ॲसिड तिच्यात चुकूनही मिसळू नका, क्लोरिन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जीवावर बेतू शकतो. माझ्याकडून कुणी दोन्ही एकदम नेलं तर मी दोन वेगळ्या पिशव्यांत देते आणि हे सांगते. लोक हसतात.

गळती बंद झाल्यावर डागाच्या वर फूटभर जाईपर्यंत प्लास्टर खरवडून वीट उघडी करा आणि उन्हाळाभर तशीच ठेवा. नऊ इंची भिंत सुकायला महिने लागतात, पण आपल्याकडचा एप्रिल-मे फुकटातच सगळं करतो. पाऊस लागायच्या आत प्लास्टर, आणि त्यावर साधा चुना. चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही आणि भिंतीचा श्वासही कोंडत नाही.

कापसाचं : खाली फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर. दव असताना वेचलेला कापूस उन्हात पसरल्याशिवाय आत घेऊ नका. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत १२ टक्क्यांच्या वर ओलावा असलेला कापूस घेत नाहीत, ८ च्या वर गेला की भाव कापतात. तुम्ही ओल्या भिंतीशेजारी तीन महिने ठेवून स्वतःच तो आकडा वाढवत होता.

प्रश्न : मुलांच्या शाळेसाठी तालुक्याच्या गावी पाच वर्षांचं तयार घर घेतोय. नुकताच रंग दिलाय, छान दिसतं. घेण्याआधी काय बघावं?
– एक शिक्षक दांपत्य, जि. वर्धा

उत्तर : नुकताच रंग दिलाय, तेच आधी बघा. रंग सगळ्या घराला दिलाय, की एकाच खोलीच्या खालच्या तीन फुटांना? कपाट सरकवायला सांगा. मालक "जड आहे" म्हणाला तर तुम्ही दोघं मिळून सरकवा.

मग जमीन. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढी भेग पडते ती हीच. पाया तिच्यातच उथळ बसवलेला असेल तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग, पावसाळ्यात अडकणारा आणि उन्हाळ्यात सैल होणारा दरवाजा, या त्याच्या खुणा. पाया किती खोल, मुरूम किती भरला, हे मालकाला विचाराच, पण शेजारणीलाही विचारा. भेग जिवंत आहे का हे बघायला तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटनं दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहितात. भेग सरकली की काच तडकते. पण त्याला एक पावसाळा तरी हवा, आणि मालक तेवढा थांबेल असं वाटत नाही.

स्लॅबचं पाणी उतरणारा पाइप कुठं संपतो ते बघा. जोत्याच्या कोपऱ्यावरच सोडला असेल तर तेवढीच माती फुगते आणि घराचा तो कोपरा उचलला जातो. हे एवढंच असेल तर घर टाकू नका, दहा फूट पाइप जोडून पाणी लांब काढा.

स्लॅबच्या खालच्या बाजूला गंजाचे तांबूस पट्टे असतील, किंवा रुपयाच्या नाण्यानं ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर मात्र थांबा आणि इंजिनिअरला पैसे देऊन आणा. सगळे नळ एकदम उघडून फ्लश ओढा, धार किती उतरते ते कळेल. बोअर आणि संडासचा शोषखड्डा यांत निदान ५० फूट असावेत. नसतील तर पाणी तपासल्याशिवाय पोरांना पाजू नका. आणि जमलं तर सौदा श्रावणात, झड लागलेली असताना करा. तेव्हा घराला खोटं बोलता येत नाही.

प्रश्न : पाहुण्यांच्या बाथरूममधून गटाराचा वास येतो. कुणी वापरतही नाही, तरी येतो.
– एक वाचक, ता. चिखलदरा

उत्तर : वापरत नाही म्हणूनच येतो. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये थोडं पाणी उभं असतं, तेच वासाला अडवतं. ते सुकलं. आठवड्याला एक बादली पाणी ओता.

प्रश्न : कूलरच्या खिडकीखालची भिंत दरवर्षी ओली होते. ऑगस्टमध्ये चपला-बॅगांवरही पांढरी बुरशी येते. संबंध असेल का?
– एक गृहिणी, जि. वाशीम

उत्तर : आहे. पावसाळ्यात हवा आधीच ओली, त्यात कूलरचा पंप चालू ठेवला की तुम्ही घरात आणखी ओल फेकता. पाऊस लागला की पंप बंद, नुसता पंखा. ताट्या काढून उन्हात वाळवा, टब कोरडा करून पालथा घाला, नाहीतर आठवडाभरात त्यात डासांच्या अळ्या होतात. चपला-बॅगांचं कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा.

भिंत ओली होते ती कूलर आत झुकल्यामुळे. तो बाहेरच्या बाजूला अर्धा इंच झुकता हवा. स्टँडच्या आतल्या दोन पायांखाली फरशीचा एकेक तुकडा सरकवा. तो माझ्या दुकानात मिळत नाही, कुठल्याही बांधकामाबाहेर पडलेला असतो.