रॉकेट इंजिनांच्या चाचणीची जुनी जागा जपतात, म्हणजे तिथे पाहण्यासारखं उरतं तरी काय?

हाय डाऊनचं उदाहरण घ्या. इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटावर, नीडल्स खडकांजवळच्या कड्यावर ही जागा आहे. ब्रिटनच्या ब्लॅक नाइट आणि ब्लॅक ॲरो रॉकेटांची चाचणी १९५०च्या दशकापासून १९७१पर्यंत इथे होई. रॉकेट उडायचं नाही, मनोऱ्यात जखडून ठेवलेलं असायचं. फक्त इंजिन पेटवायचं. उड्डाण थेट ऑस्ट्रेलियात, वूमेराला.

ते पोलादी मनोरे कधीच गेले. उरलंय ते काँक्रीट, पण तेच खरं वाचण्यासारखं आहे. उतारात खोदून बसवलेले चौथरे, आणि ज्वाळा वळवून समुद्राकडे सोडणाऱ्या मार्गाच्या खुणा. इंधन होतं केरोसीन आणि तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड. चांदीच्या जाळीवर पेरॉक्साइडचं विघटन होऊन तापलेली वाफ आणि ऑक्सिजन निघे, त्यात केरोसीन आपोआप पेट घेई. ज्योत जवळजवळ पारदर्शक. ज्वाळांचा मार्ग थंड ठेवायला मात्र पाणी धो-धो सोडावं लागे.

आता जागा नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेकडे आहे. त्यांनी मनोरे नव्याने उभारले नाहीत, हे मला पटतं. नकली पोलादापेक्षा उघडं काँक्रीट बरं. माहितीचं प्रदर्शन शेजारच्या जुन्या तोफखान्याच्या, न्यू बॅटरीच्या, तळघरातल्या खोल्यांत आहे. ते चुकवू नका, नाहीतर बाहेरचे चौथरे म्हणजे अर्धवट सोडलेलं बांधकाम वाटेल. आणि हो, ब्लॅक ॲरो प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा झाल्यावर, ऑक्टोबर १९७१मध्ये शेवटच्या ब्लॅक ॲरोने प्रॉस्पेरो उपग्रह कक्षेत सोडला!