हॉल द्या, पण आधी विचारून घ्या

प्रश्न : डॉक्टर, आमच्या सोसायटीजवळ मुलांचं नवीन हॉस्पिटल झालंय. ते म्हणतात तुमच्या क्लब हाऊसमधे रविवारी फ्री चेकअप कॅम्प घेतो, परिसराच्या आरोग्यासाठी. कमिटीत अर्ध्यांचं म्हणणं ही नुसती जाहिरात. हॉल द्यायचा का? – सोसायटीचा सेक्रेटरी, धायरी

उत्तर : द्या की. जाहिरात आहेच, पण नुसतं वजन-उंची घेऊन फाइल आणि फुगा हातात देणार असतील तर पोरं खाली क्रिकेट खेळलेली बरी. कोणाला काही निघालं तर पुढे कुठे पाठवणार आणि त्याचा पाठपुरावा कोण करणार, हे आधी विचारा.

आणि फक्त फ्लॅटवाल्यांसाठी कॅम्प घेऊ नका, तुमच्या मुलांचे डॉक्टर ठरलेले असतात. शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांची मुलं बोलवा (धायरीत बांधकाम कुठे नसतं!). त्यांचं लसीचं कार्ड गावाला राहिलेलं असतं, गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर कसाबसा होतो आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या मधे असतो तोवर घरचे दुसऱ्या साइटवर गेलेले असतात. ही लस महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळते, तर तो दवाखाना कुठे आणि लसीचा वार कोणता एवढं हॉस्पिटलने आईला नीट सांगितलं तरी खूप झालं. जुलाबात द्यायचं ओआरएस तिथेच करून दाखवायला सांगा, कारण ग्लासभर पाण्यात थोडी पावडर टाकून उरलेली पुडी डब्यात ठेवायची सवय सगळीकडे आहे, शिकलेल्या घरांतही. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्यायचं, मोठ्या पाकिटाला एक लिटर. जुलाब थांबले तरी डॉक्टरांनी दिलेलं झिंक १४ दिवस पूर्ण करायचं.

पण खरं काम कॅम्पमधे नाही, रोजच्या ओपीडीत असतं. जानेवारी २०२५ मधे तुमच्याच सिंहगड रोडच्या पट्ट्यात, किरकटवाडी-नांदेड गावाकडे जीबीएसचे (गुलेन बॅरी सिंड्रोम, यात नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात) पेशंट एकदम वाढले, काहींच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा पोट बिघडवणारा जंतू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. एरवी हा आजार कधीतरी दिसतो, त्यामुळे एकाच भागातून दोन-चार आले की डॉक्टरांनी महापालिकेला कळवायला हवं, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या आयसीयूत आणि नळाला तेच पाणी. हॉस्पिटलवाल्यांना थेट विचारा, असं काही दिसलं तर तुम्ही कळवता का?

हॉस्पिटलने भिंतीबाहेर पडून लोकांचं आरोग्य बघणं पुण्याला नवीन नाही. इथल्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकातच पुण्याजवळच्या वढू गावी गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याचं काम उभं केलं, १९९३ मधे त्यांना मॅगसेसे मिळाला. तेवढी अपेक्षा नव्या हॉस्पिटलकडून लगेच कशाला करा.

हॉलचं भाडं घेऊ नका, सफाईचे पैसे घ्या. आणि गेटवरच्या वॉचमनला आधीच सांगून ठेवा, साइटवरच्या बाया पोरं घेऊन आल्या तर अडवायचं नाही.