वायफाय बंद केलं आणि मुलगा अंगावर धावून आला

"मॅडम, मी वायफायचं बटण बंद केलो आणि तो माझ्या अंगावर धावून आला की हो. हात उगारला. सख्ख्या आईवर."

वडगावहून आलेल्या या ताई खुर्चीत नीट बसल्याही नव्हत्या. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. त्याला आपण ओंकार म्हणू आणि त्याच्या आठ वर्षांच्या बहिणीला सई. नावं आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. ताई खडेबाजारात एका दुकानात काम करतात, घरी यायला आठ वाजतात. वडील उद्यमबागेत फाउंड्रीत, शिफ्टवर.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला, तो बेळगावात मला अनेक आयांनी विचारला आहे. "काकतीसारखं तर होणार नाही ना?"

2019 च्या सप्टेंबरात इथून जवळच काकतीला मोबाईल गेमवरून झालेल्या वादातून एका तरुणानं वडिलांचा जीव घेतला. ती बातमी आपल्या भागातल्या घरांतून अजून गेलेली नाही. मुलानं फोनसाठी आवाज चढवला की आई-बापांच्या पोटात गोळा येतो. मी ताईंना सांगितलं, तुमची भीती मला कळते, पण त्या एका घटनेच्या चष्म्यातून ओंकारकडे बघू नका. उगारलेला हात मी हलक्यात घेणार नाही. तरी तो का उगारला गेला, हे आधी बघू.

"बटण किती वाजता बंद केलात?"

"दहाला. तीनदा हाक मारलो होतो. दरवेळी पाच मिनिटं, पाच मिनिटं. जेवण गार झालं. मग मी उठलो आणि बंद केलो."

ही "पाच मिनिटं" घराघरात भांडण लावतात. ओंकार खेळतो त्या प्रकारच्या मोबाईल गेममध्ये शंभरेक खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, सुरक्षित जागा आक्रसत जाते आणि शेवटी एक चमू उरतो. एक डाव अर्धा तास चालू शकतो. मधे थांबवायची सोय नाही, कारण समोर खरी माणसं खेळत असतात. अर्ध्यातून उठलं तर आपली रँक घसरते आणि बरोबरच्या तिघांना उघड्यावर टाकून गेल्यासारखं होतं. आपल्या लहानपणी कबड्डीच्या चढाईत असताना कुणी हात धरून घरी ओढत नेलं असतं तर कसं वाटलं असतं, तसंच ते. यामुळे हात उगारणं माफ होत नाही. पण मुलाच्या "पाच मिनिटं" म्हणण्यात लबाडी नसते. डाव किती चालेल हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं.

पुढच्या आठवड्यात ओंकार आला. मान खाली, बोटं चपलेच्या पट्ट्यात. शाळा कशी आहे? "बरी." मित्र? "आहेत." मी म्हटलं, मला तो गेम दाखव. त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. फोन आईच्या पिशवीत होता. तो मागून घेतला आणि एक डाव खेळायला दिला.

दोन मिनिटांत खुर्चीतला मुलगा बदलला. पाठ ताठ, आवाज मोठा, एकाला थांब म्हणतोय, दुसऱ्याला औषध टाकतोय. आणि मधेच, "हिंद अदान नोड! बारो, बारो!" मागे आहे बघ, ये ये. अस्सल इथलं कन्नड. बाहेर बाकावर बसलेल्या ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. कन्नडच्या पेपरात जेमतेम पास होणारं पोरगं!

मग हळूहळू कळलं. सातवीपर्यंत तो मराठी शाळेत होता, वर्गाचा मॉनिटर. आठवीला इंग्रजी माध्यमात घातलं. शिकवणं इंग्रजीत, मधल्या सुट्टीतली बडबड कन्नडमध्ये. पहिल्याच महिन्यात त्यानं कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, मुलं हसली, आणि त्यानं तोंडच मिटलं. दीड वर्ष. गेममध्ये मात्र एक जोडीदार गोकाकचा, एक गडहिंग्लजचा, एक हुबळीकडचा. तिथं चूक बोललं तरी कुणी हसत नाही, कारण शत्रू मागे उभा असतो. तिथं तो चमूचा कॅप्टन. अशा मुलाच्या हातातून फोन ओढून घेतला की आई-बाप त्याच्याकडून नेमकं काय ओढून घेतात, हे त्यांना माहीत नसतं. म्हणून "किती तास खेळतो?" याच्याइतकाच "तिथं त्याला काय मिळतं?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

"पण हे व्यसन आहे की नाही ते सांगा," ताई म्हणाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, म्हणजे 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, गेमिंगचा विकार नोंदवलेला आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळ्या गोष्टी मागे पडून खेळच पुढे येणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणं. हे साधारण बारा महिने टिकलेलं असावं आणि त्यामुळे घर, शाळा, आरोग्य खरोखर कोलमडलेलं असावं. ओंकार रोज शाळेत जात होता, रविवारी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर क्रिकेट खेळत होता, जेवणाची तक्रार नव्हती. तो त्या व्याख्येत बसत नव्हता. मात्र रात्री एक वाजता झोपून साडेसहाला उठत होता, हे मला चालण्यासारखं नव्हतं, आणि ते मी त्याच्या तोंडावर सांगितलं.

ज्यांच्या घरी मूल शाळेत जायचंच थांबलंय, रात्र-रात्र जागतंय, गेमसाठी पैसे चोरतंय किंवा फोन काढला तर जीवाचं बरंवाईट करीन म्हणतंय, त्यांनी माझा हा लेख वाचत बसू नये. आजच मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तर 2014 पासून याच प्रश्नासाठी 'शट' नावाचं वेगळं क्लिनिक आहे.

तिसऱ्या भेटीला वडील आले. सज्जन माणूस, दमलेला. "सरकार बंदी का घालत नाही?" हे त्यांचं पहिलं वाक्य. 2020 च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली, पुढच्याच वर्षी भारतासाठी वेगळी आवृत्ती आली, आणि मधल्या काळात मुलं दुसऱ्या गेमवर गेली. 2025 चा कायदा आला तो पैसे लावून खेळायच्या गेमविरुद्ध. ओंकारचा खेळ त्यात येत नाही. मी म्हटलं, बंदीची वाट बघण्यात मुलाचं दहावीचं वर्ष जाईल.

मग ते रागानं सांगू लागले, "तो सईला म्हणाला, पप्पांना काही कळत नाही, नुसते ओरडतात. असं बोलतो बापाबद्दल!"

मी विचारलं, "तुम्ही घरी होता तेव्हा?"

ते थांबले. ताईंनी मान खाली घातली.

गोष्ट अशी. पुण्याच्या मामानं सईला सिमकार्ड घालायचं घड्याळ दिलं होतं. हरवली तर सापडावी म्हणून. त्याच्या ॲपमध्ये एक सोय होती: घड्याळ न वाजता त्याचा माईक सुरू होतो आणि आसपासचं सगळं आपल्याला ऐकू येतं. वडील जेवणाच्या सुट्टीत फाउंड्रीच्या आवारात उभं राहून घरातलं बोलणं ऐकायचे आणि संध्याकाळी नेमक्या त्याच शब्दांवरून ओरडायचे. ओंकारला चार दिवसांत संशय आला. त्यानं सईला मुद्दाम एक खोटी गोष्ट सांगितली, की उद्या मी शाळा बुडवणार. रात्री वडिलांनी तेच विचारलं. त्या दिवसापासून सईचं घड्याळ तांदळाच्या डब्यात, झाकण घट्ट लावून. आणि वायफायचं भांडण झालं ते त्याच आठवड्यात.

मला या ठिकाणी खरंच वाईट वाटलं, दोघांसाठीही. दिवसभर दोघं बाहेर, घरात दोन पोरं एकटी, काळजी खोटी नव्हती. पण चोरून ऐकल्यावर मूल आपल्याला काही सांगायचं बंद करतं, आणि मग ऐकण्यासारखं काही उरतच नाही. जर्मनीत 2017 च्या नोव्हेंबरात अशा चोरून ऐकणाऱ्या मुलांच्या घड्याळांची विक्रीच बंद केली. पालक त्यातून वर्गातल्या शिक्षकांचं बोलणंसुद्धा ऐकतात, असं तिथल्या नियामक खात्याला आढळलं होतं. त्याच वर्षी एका बोलक्या बाहुलीवरही तिथं बंदी आली, कारण तिच्यातल्या ब्लूटूथमधून बाहेरचा माणूस मुलाशी बोलू शकत होता. आणखी एका बोलक्या टेडीचे, मुलांनी आई-बापांना पाठवलेले लाखो आवाजी निरोप इंटरनेटवर उघडे पडले, तेही 2017 मध्येच. इंटरनेटला जोडलेलं खेळणं घरात आलं की कंपनीची एक खिडकी घरात उघडते. वाढदिवसाला असं काही आलं तर एवढं बघा: माईक किंवा कॅमेरा आहे का, तो बंद करता येतो का, पासवर्ड बदलता येतो का. माईक-कॅमेरा बंद करता येत नसेल किंवा पासवर्ड बदलता येत नसेल, तर ते कपाटावर राहिलेलं बरं.

मी वडिलांना एकच काम दिलं. ओंकारला स्वतः सांगायचं, मी ऐकत होतो, चुकलं. त्यांना दोन आठवडे लागले. नेमकं काय बोलले ते मी विचारलं नाही.

बाकीचं नंतर पटापट ठरलं. मिनिटं मोजायची नाहीत, डाव मोजायचे. शाळेच्या दिवशी दोन, सुट्टीला चार. डाव सुरू व्हायच्या आधी ताईंनी सांगायचं की हा शेवटचा, एकदा सुरू झाला की हाक मारायची नाही. साडेनऊनंतर नवा डाव नाही. रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, वडिलांचासुद्धा, ही अट ओंकारची होती आणि मला ती रास्त वाटली. आईचा यूपीआयचा पिन बदलला, कारण तो पोरांना पाठ होता आणि गेममधल्या बंदुकीच्या रंगासाठी चारशे रुपये एकदा गेले होते. अनोळखी माणसानं फोटो, ओटीपी किंवा शाळेचं नाव मागितलं तर त्याला काढून टाकायचं आणि घरी सांगायचं. सांगितल्याबद्दल गेम बंद होणार नाही, असा शब्द वडिलांनी दिला. ही शेवटची गोष्ट मी प्रत्येक घरात आग्रहानं मागते. गेम जाईल या भीतीनं मुलं फार मोठ्या गोष्टी पोटात ठेवतात.

आणि रविवारी एक डाव वडिलांनी मुलाबरोबर खेळायचा. पहिल्याच डावात ते उतरल्या उतरल्या जखमी झाले. ओंकार ओरडत होता, "पप्पा, उठू नका, रांगत माझ्याकडे या, भिंतीमागं या, मी उठवतो तुम्हाला." हे सांगताना त्या माणसाचे डोळे भरून आले होते.

गणपतीच्या सुट्टीत सगळं पुन्हा बिघडलं. चार डावांचे दहा झाले, एकदा दार आपटलं गेलं. ताईंचा फोन आला, "मॅडम, सगळं वाया गेलं की हो." वाया गेलं नव्हतं. हात उगारला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी ओंकारनं स्वतःच फोन आणून टीव्हीशेजारी ठेवला होता. शाळेचं मात्र सोपं गेलं नाही. कन्नड बोलायला त्याला अजून अवघड जातं. वर्गातला एक मुलगा आता त्यांच्या चमूत आला आहे, आणि मधल्या सुट्टीत ते दोघं बोलतात, कन्नडमध्ये, बहुतेक गेमबद्दलच.

सईचं घड्याळ डब्यातून बाहेर आलं. तो छुपा माईक बंद केला, कसा बंद केला ते तिला दाखवून. ट्यूशनला जाताना ती ते घालते आणि सुटली की स्वतःच फोन करते. परवा ताई माझ्यासमोर बसल्या असतानाच त्यांचा फोन वाजला. "मम्मी, मी सईच बोलायलोय. दादा न्यायला आलाय. कोपऱ्यावर पाणीपुरी खाऊ काय?"