वाचकांचे प्रश्न : खिडकीच्या सागवानातून दाढीच्या ब्रशाची मूठ

प्रश्न : नाशिकचा आमचा जुना वाडा उतरवला तेव्हा सागवानी खिडक्यांच्या चौकटी मी ठेवून घेतल्या. कातकाम (लेथवर लाकूड फिरवून घडवण्याचे काम) करणाऱ्या कारागिराकडून त्यांच्या चार मुठी करून घेतल्या आणि बाजारात मिळणारे केसांचे तयार झुबके सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने मी स्वतः बसवले. तीन आठवड्यांत दोन झुबके सुटले आणि एका मुठीला वरच्या कडेपासून चीर गेली. लाकूड फार जुने झाल्यामुळे असे होते काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या चौकटींना बोल लावू नका. दारा-खिडक्यांत दोन-तीन पिढ्या उभे राहिलेले सागवान पुरते वाळलेले असते आणि त्याला जे आकसायचे, वाकायचे असते ते केव्हाच होऊन गेलेले असते, म्हणून मुठीसाठी आज वखारीतून आणलेल्या लाकडापेक्षा मी तेच आधी निवडेन. तुकड्यावर रंधा फिरवला की वरचा करडा थर निघून मधाच्या रंगाचे लाकूड दिसते आणि चामड्यासारखा तेलकट वास येतो. सागवानाला पाण्यात टिकवणारे हे तेलच गोंदाला मात्र धरू देत नाही. त्यात पांढरा सुतारी गोंद रोजच्या गरम पाण्याने मऊ पडतो, त्यामुळे झुबके सुटणे अटळच होते.

जुना गोंद खरवडून काढावा, झुबका बसतो त्या मुठीतील भोकाच्या आतील बाजू काचपेपरने घासावी, अॅसिटोनने भिजवलेल्या फडक्याने पुसावी आणि अॅसिटोन उडून गेल्यावर, तेल पुन्हा वर येण्याच्या आत, दोन नळ्यांतील भाग मिसळून करायचा इपॉक्सी गोंद लावून झुबका बसवावा. झुबक्याचे बूड 24 मिमी असेल तर भोक 25 मिमीचे हवे. अगदी घट्ट बसवले तर गोंदाला जागाच उरत नाही. त्यानंतर पूर्ण 24 तास ब्रश पाण्यापासून दूर ठेवावा.

चिरेचे मूळही त्या भोकातच आहे. लाकडातील पाणी वाहणाऱ्या सूक्ष्म नळ्या मुठीच्या लांबीने धावतात आणि वरच्या कडेला व भोकाच्या तळाला त्यांची तोंडे उघडी पडतात. तेथून लाकूड पाणी शोषते, फुगते, वाळते, पुन्हा फुगते, आणि कडेची भिंत पातळ असेल तर शेवटी उलते. बहुतेक जण मुठीला बाहेरून सुंदर चकाकी आणतात आणि भोक कोरे सोडतात, याची मला फार हळहळ वाटते. झुबका बसवण्यापूर्वी भोकाच्या तळाला व भिंतींना पातळ इपॉक्सीचा एक हात द्यावा, तो सुकल्यावर काचपेपरने खरखरीत करावा, आणि भोकाभोवती निदान 4 ते 5 मिमी लाकूड राहील एवढी मूठ जाड ठेवावी. बाहेरून पॉलियुरेथेन वार्निशचे तीन-चार पातळ हात पुरेत. लाखेचे पॉलिश दिसायला देखणे असले तरी गरम पाण्याने पांढरे पडते. अळशीचे उकळलेले तेल लावणार असाल तर त्याची फडकी चुरगळून टाकू नका, कारण ती आपोआप तापून पेट घेतात. ती मोकळ्यावर पसरून वाळवावीत.

उरलेल्या चौकटी कारागिराकडे देण्यापूर्वी त्यांवरून चुंबक फिरवावा. मोडलेला खिळा आत राहिला तर पटाशीची धार जाते आणि फिरता तुकडा उडून इजा होऊ शकते. पितळी स्क्रू चुंबकाला लागत नाहीत, ते डोळ्यांनीच शोधावे लागतात. खिळ्याभोवतीचा काळा डाग लोखंड आणि लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य यांच्या संयोगाने पडतो व खोल मुरतो, तेवढा भाग कापून टाकावा. चौकटींवर जुना तेलरंग असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाली, त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसे असू शकते आणि लहान मुलांना ते फार घातक असते. असा रंग ओला करून खरवडावा आणि खरवड गोळा करून बांधून ठेवावी.

प्रश्न : रंगकामाच्या ब्रशांचे दांडे करण्यासाठी रेल्वेचे जुने स्लीपर किंवा मालवाहतुकीचे पॅलेट चालतील काय?

उत्तर : स्लीपर नकोत, कारण ते बहुधा क्रिओसोटमध्ये (लाकूड टिकवण्यासाठी वापरायचे डांबरी तेल) मुरवलेले असतात आणि असे लाकूड हातात धरण्याजोगे नसते. पॅलेटवरचा शिक्का पाहा. ‘एचटी’ असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवलेले असते, ते वापरावे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी, ते घेऊ नये. शिक्काच नसेल तर मी ते लाकूड उचलत नाही.