शेंडा वाळला म्हणजे साग मेला का?

प्रश्न : आमच्या गावाला लागून सागाचं जंगल आहे. दोन वर्षं पावसानं ओढ दिली, तेव्हा झाडं तगली. गेल्या पावसाळ्यात नाले भरून वाहिले आणि आता कितीतरी सागांचे शेंडे वाळलेत. पाणी मिळूनही असं का? काही जण म्हणतात, वाळकी झाडं तोडून टाकू.
– गावच्या वनसमितीची सदस्य, तालुका किनवट

उत्तर : ताई, तोडायची घाई होऊ देऊ नका. वनरक्षक म्हणून माझी बरीच वर्षं तुमच्याच भागात गेली. 2014 आणि 2015 हे दोन्ही पावसाळे कोरडे गेले, 2016 ला पाऊस चांगला झाला, आणि माझ्या बीटातल्या, म्हणजे माझ्या राखणीच्या हद्दीतल्या, मुरमाड उतारावरचे साग वाळायला लागले ते 2017 मध्ये. तेव्हा मलाही हेच कोडं पडलं होतं.

झाडाच्या खोडात बारीक नळ्या असतात. त्यांतलं पाणी वर ओढतात ती पानं. जमीन कोरडी पडली की हा ताण इतका वाढतो की नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि धार तुटते. अशी नळी बहुतेक वेळा कायमची बाद होते. सागाच्या नळ्या तर मोठ्या. हंगामाच्या सुरुवातीला धरलेल्या लाकडातली भोकं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. शेंडा सगळ्यात उंच, म्हणून पाणी आधी तिथलं तुटतं.

मग पाऊस आल्यावर झाड सावरत का नाही? नव्या नळ्या आणि नवी पालवी करायला साखर लागते. दुष्काळात झाड पाणी राखण्यासाठी पानांची छिद्रं मिटून घेतं, पानं लवकर गाळतं. म्हणजे पानांतली साखर शिजवणारी चूलच बंद. ती दोन वर्षं तुमच्या सागांनी खोडामुळांत साठवलेल्या पिठावर काढली. कणगीचा तळ दिसायला लागल्यावर पाऊस आला. अशा अशक्त झाडावर भुंगेरे आणि बुरशीही लवकर चढतात.

डेपोत एकदा आमच्या वनपालसाहेबांनी एका ओंडक्यावर सालीकडून आत, वर्षाला एक अशी वलयं मोजत 1972 चं दुष्काळी वर्ष गाठून दाखवलं होतं. ते वलय नखाच्या कडेएवढं होतं. मला जास्त लागलं ते पुढच्या दोन वलयांचं : पाऊस परतला होता, तरी तीही अरुंदच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या अशाच वलयांवरून जुना पाऊस वाचतात.

आता काय करायचं? उन्हाळ्यात साग तसाही निष्पर्ण असतो, त्यामुळे निवाडा मृग बरसल्यावर करा. छातीच्या उंचीवर चाकूनं साल नखभर खरवडा. आत ओलं, हिरवट दिसलं तर खोड जिवंत आहे. कोरडं, तपकिरी दिसलं तर खाली बुंध्याशी पुन्हा बघा. साग बुडातूनही फुटतो. शेंडा गेलेल्या झाडांवर चुन्याचा पट्टा ओढा आणि पुढचे दोन पावसाळे थांबा. माझ्या बीटातल्या बऱ्याच सागांनी खालच्या फांद्यांवर पुन्हा पानं धरली. मी निवृत्त झालो तेव्हा ते उभे होते.

आणि मोहफुलं वेचायच्या दिवसांत खालचा पाचोळा पेटवू नका, झाडून बाजूला करा. आधीच खंगलेल्या झाडाची साल बुंध्याशी भाजली की त्याला सावरायला काही उरत नाही. हे एवढं ग्रामसभेत आग्रहानं मांडा.