एकच राजवाडा, अकरा दारं

प्रश्न : मुलगा एडिनबराला नोकरीला आहे. सप्टेंबरात आम्ही दोघं जाणार आहोत. तो म्हणतो, ‘शार्लट स्क्वेअर हा जॉर्जियन चौक आहे, तिथे नेतो.’ जॉर्जियन म्हणजे जॉर्जिया देशाचा का? तिथे लोक राहतात की नुसतीच कचेरी? आणि विमानतळावरून टॅक्सीशिवाय जाता येईल का? माझे गुडघे दुखतात.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, जॉर्जिया देशाचा इथे काही संबंध नाही. १७१४ पासून ब्रिटनच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज बसले, त्यांच्या काळातलं बांधकाम ते जॉर्जियन. या चौकाला नाव मात्र राणीचं, तिसऱ्या जॉर्जच्या बायकोचं.

पाहायची ती उत्तरेची बाजू. माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा नेलं तेव्हा त्यांनी विचारलं, “कुणाचा गं हा राजवाडा?” कुणाचाच नाही! एकाला एक लागून अकरा घरं आहेत. वास्तुविशारद रॉबर्ट अ‍ॅडमने १७९१ मध्ये त्या सगळ्यांना मिळून एकच दर्शनी भिंत आखून दिली आणि पुढच्याच वर्षी तो वारला. चौक पुरा व्हायला १८२० उजाडलं.

मधलं ६ नंबरचं घर स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टरचं, म्हणजे आपल्याकडचा ‘वर्षा’ बंगला समजा. बाकी बहुतेक ठिकाणी कचेऱ्या. शेजारचं ७ नंबर मात्र तिकीट काढून आतून बघता येतं. तळघरातल्या स्वयंपाकघरात तांब्याची भांडी अशी लखलखीत मांडलीत की मला आमच्या आजीची चिंच आणि राख आठवली. बैठकीची खोली वर, स्वयंपाक खाली. गरम ताटं घेऊन नोकरांनी किती जिने चढायचे! तुम्हालाही जिने चढावे लागतील, तेव्हा गुडघ्यांचा पट्टा विसरू नका.

दारापाशी कठड्याला लोखंडी शंकू दिसतील. मी कितीतरी दिवस ती शोभा समजत होते. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा पाहुण्यांपुढे मशालजी चालायचा आणि दाराशी आला की मशाल त्यात खुपसून विझवायचा. मधल्या बागेला कुलूप असतं, किल्ली आसपासच्या मालकांकडे. तेवढं बाहेरूनच बघा.

टॅक्सी नकोच. विमानतळाच्या दाराशीच ट्राम लागते आणि चढायला पायरी नाही. अर्ध्या तासात ‘वेस्ट एंड’ थांबा येतो, तिथून होप स्ट्रीटने पाच मिनिटं चाला. लंडनहून आगगाडीने आलात तर वेव्हर्ली स्टेशनवर उतराल. तिथून जॉर्ज स्ट्रीट धरून नाकासमोर चाललात तर चौकातच पोचाल, पण तुमच्या चालीने अर्धा तास धरा. आणि स्टेशन खोलगट भागात आहे. वर यायला मुलाला लिफ्ट कुठे ते विचारून ठेवा, तो तरणाताठा जिन्यानेच नेईल.